मदत हवी आहे: शनिवारी सायकल घेऊन जंगलात जायचंय, इंग्लंडात नक्की कुठे चालवू देतात?

बिनब्रेकचा (बुधवार, रात्री ९:१२)

नमस्कार मंडळी,

जरा पटकन सांगा, शनिवार तोंडावर आलाय. मेहुणा ऑफिसच्या कामाने पुण्याहून आलाय आणि वीकेंडला आमच्याकडे आहे. त्याला इथल्या जुन्या इस्टेटीतल्या जंगलातून माउंटन बाइकिंग करायचंय. बीचची झाडं, हरणं, मधेच एखाद्या ड्यूकचा वाडा वगैरे. यूट्यूबची कृपा.

रविवारी मी एकटाच पाहणी करून आलो. खांबावर पिवळा बाण, वर चक्क 'पब्लिक' लिहिलेलं. तरी एक कुत्रेवाले आजोबा वाट अडवून उभे राहिले, म्हणे इथे सायकल चालणार नाही. पब्लिक म्हणजे पब्लिक ना? नकाशात सगळीकडे हिरव्या तुटक रेषा आहेत, ॲपवर लोकांच्या राइड पण दिसतात त्याच वाटेवर. मग चालवायची कुठे? कुणीतरी सरळ एक रूट द्या, तीन-चार तासांचा. फार चिखल नको.

वॉटफर्डकर (९:२०)

राहता कुठे? सायकल कोणती? मेहुण्याला सायकल कोण देणार? 'इंग्लंड' हा काही पत्ता झाला नाही राव.

नॉटिंगहॅमचा नाना (९:३१)

डोळे झाकून शेरवुड पाइन्सला या. फॉरेस्ट्रीचं म्हणजे सरकारी वनखात्याचं जंगल, आखलेल्या ट्रेल, हिरव्या-निळ्या-लाल रंगांनी अवघडपणा दाखवलेला, सायकल भाड्याने तिथेच, कॉफी तिथेच. कुत्रेवाले आजोबा तिथेही आहेत, पण ते आपल्या वाटेने जातात.

आणि ड्यूकचा वाडा हवा असेल तर जवळच क्लंबर पार्क. न्यूकॅसलच्या ड्यूकची इस्टेट, आता नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू आणि जागा जपणाऱ्या संस्थेकडे. दोन मैलांहून लांब लिंडनच्या झाडांची दुहेरी रांग आहे, १,२९६ झाडं. त्या रांगेतून सायकल मारायची म्हणजे सुख.

वॉटफर्डकर (९:३४)

नाना, क्लंबरचा वाडा १९३८ साली पाडला. मेहुण्याला काय दाखवणार, चौथरा?

नॉटिंगहॅमचा नाना (९:३६)

चॅपल आहे ना. वाड्यापेक्षा देखणं.

खडूमाती (९:५२)

मूळ प्रश्नाचं उत्तर कुणीच देत नाहीये, म्हणून सविस्तर लिहितो.

पिवळा बाण म्हणजे फुटपाथ (रस्त्याकडेचा नव्हे, रानाशेतातली पायवाट), फक्त चालणाऱ्यांसाठी. 'पब्लिक' हा शब्द त्या चालण्याच्या हक्कापुरता. तुम्हाला हवाय निळा बाण, म्हणजे ब्रायडलवे. ही वाट मुळात घोडेस्वारांची, पण १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टच्या ३० व्या कलमाने तिथे सायकललाही परवानगी दिली. अट एकच, चालणाऱ्यांना आणि घोड्यांना आधी वाट द्यायची. जांभळा बाण (रिस्ट्रिक्टेड बायवे) आणि लाल बाण (सगळ्या वाहनांना खुली बायवे) यांवरही सायकल चालते.

हिरव्या रेषांचं म्हणाल तर ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेच्या एक्सप्लोरर नकाशात, म्हणजे केशरी कव्हरचा १:२५,००० वाला, फुटपाथ आखूड तुटक रेषांनी दाखवतात आणि ब्रायडलवे लांब तुटक रेषांनी. फोनवर झूम कमी असेल तर दोन्ही सारख्याच दिसतात. काळ्या तुटक रेषा म्हणजे जमिनीवर वाट आहे एवढंच, हक्काबद्दल त्या काही सांगत नाहीत. आणि ॲपवर कुणाची राइड दिसते म्हणजे त्याला कुणी अडवलं नाही, इतकाच त्याचा अर्थ.

सडेतोड (१०:०५)

एवढं घाबरवू नका हो. फुटपाथवर सायकल चालवली म्हणून इथे कुणी आत टाकत नाही. तो जमीनमालक आणि तुमच्यातला दिवाणी मामला. मी बिनधास्त चालवतो. सकाळी सातला कुत्रं पण नसतं.

खडूमाती (१०:११)

दिवाणी असला तरी ती घुसखोरीच. मालकाने निघा म्हटलं की निघावं लागतं. आणि तुमच्यासारख्या चार बिनधास्त लोकांमुळे ब्रायडलवेवर नीट चालवणाऱ्यांनाही शिव्या बसतात. पाहुणा घेऊन जाताना कशाला ती कटकट?

लोणावळा लोकल (१०:१९)

हक्क मागून मिळत नसतात! २४ एप्रिल १९३२ ला किंडर स्काउट या खाजगी डोंगरावर शेकडो कामगार मुद्दाम घुसले, काही जण तुरुंगात गेले, म्हणून आज लोक डोंगरात मोकळे हिंडतात.

खडूमाती (१०:२४)

ते चालत गेले होते. आणि २००० च्या कायद्याने खुली झालेली माळरानं आजही पायी हिंडायलाच खुली आहेत, सायकलला नाहीत. सायकलवाल्यांचा किंडर अजून व्हायचाय.

एडिनबरा आजोबा (१०:३०)

स्कॉटलंडला या. २००३ च्या लँड रिफॉर्म ॲक्टपासून आमच्याकडे जबाबदारीने वागलात की जवळपास सगळीकडे सायकल चालते. निळे-पिवळे बाण मोजत बसावं लागत नाही.

वॉटफर्डकर (१०:३२)

आजोबा, राइड तीन-चार तासांची हवीये.

बिनब्रेकचा (१०:४७)

अरे बापरे, एवढे प्रतिसाद आणि रूट एकही नाही. हेमेल हेम्पस्टेडला राहतो. माझी सायकल हायब्रिड, ऑफिसला नेतो ती. मेहुण्यासाठी भाड्याने बघतोय. ट्रेनने जाऊ, गाडीला कॅरियर नाही. रविवारी पाहणीला गेलो ते जवळच्या ॲशरिज इस्टेटीच्या जंगलात. आता तरी रूट?

सरेकरीण (१०:५५)

अय्या, मग सरे हिल्सला या ना! लीथ हिल, होल्मबरी, पिच हिल, तिन्ही टेकड्या शेजारी शेजारी. पीसलेक गावातल्या दुकानाचे चीज स्ट्रॉ खाल्ल्याशिवाय कुठलाही सायकलवाला घरी जात नाही. आणि हर्टवुड तर खाजगी इस्टेट असून १९२६ पासून लोकांना खुली आहे. मुख्य म्हणजे तिथली माती वाळूची, पावसातही चालवता येते. तुमच्या तिकडच्या चिल्टर्न टेकड्यांमध्ये आत्ता नुसता राडा असेल.

खडूमाती (११:०८)

सरेताईंचा मातीचा मुद्दा एकदम बरोबर. चिल्टर्नमध्ये खाली खडू आणि वर गारगोट्यांनी भरलेली चिकणमाती. ऑक्टोबर संपताना त्यावर बीचच्या पानांचा थर पडतो. ओला खडू साबणासारखा निसटतो आणि पानांखालची मुळं दिसत नाहीत. गारगोटीच्या कडा सुरीसारख्या फुटतात, ट्यूब हमखास जाते.

हायब्रिडला रिम ब्रेक आहेत की डिस्क? टायर किती जाड?

बिनब्रेकचा (११:१५)

ब्रेक आहेत, दाबले की थांबते. टायरवर ३५ लिहिलंय.

वॉटफर्डकर (११:१८)

नाव 'बिनब्रेकचा' आणि उत्तर हे.

खडूमाती (११:२६)

चाकाच्या कडेला रबर घासत असेल तर रिम ब्रेक. त्या मातीत पानं मिसळली की ब्रेक आणि फोर्क (चाक धरणारा चिमटा) यांच्यामध्ये लगदा बसतो. आधी करकर आवाज येतो, मग चाक जड जातं आणि शेवटी फिरायचंच थांबतं. मग काडी घेऊन फोर्कमधून गोळे उकरायचे, शंभर पावलं जायचं, परत उकरायचं. मडगार्ड असतील तर विचारूच नका. मेहुण्यासोबत स्वतःसाठीही माउंटन बाइक भाड्याने घ्या.

वीजवाला (११:३३)

ई-बाइक घ्या दोघांना, विषय संपला. इथल्या कायद्यात २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतच मोटरची मदत असेल तर ती साधी सायकलच धरतात, ब्रायडलवेवर चालते. मी तर आता साधी सायकल हातातही धरत नाही.

सडेतोड (११:३५)

मग त्याला व्यायाम कशाला म्हणायचं? स्कूटर घ्या.

वीजवाला (११:३७)

गुडघे तुम्ही देणार का?

लोणावळा लोकल (११:४४)

अवांतर: या इस्टेटी बघताना मला तर रागच येतो. सगळा आपल्याकडून लुटून आणलेला पैसा.

मध्यमपदलोपी (गुरुवार, सकाळी ७:१०)

सगळा नव्हे. नॅशनल ट्रस्टनेच २०२० मध्ये अहवाल काढला, त्यात वसाहती आणि गुलामगिरीशी संबंध असलेल्या ९३ जागा आहेत. सरेमधली क्लेअरमाँट इस्टेट तर खुद्द रॉबर्ट क्लाइव्हने घेतली होती, आणि त्याच्या घराण्याने भारतातून आणलेल्या वस्तू वेल्समधल्या पॉविस कॅसलमध्ये मांडून ठेवल्यात. त्यांचा राग जरूर करा.

पण ॲशरिजच्या ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरचा पैसा मुख्यतः कोळशाचा. वर्स्लीच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला न्यायला त्याने कालवा खणून घेतला, १७६१ मध्ये तो सुरू झाला आणि माणूस गबर झाला. ॲशरिजच्या जंगलात त्याच्या नावाचा जो उंच खांब आहे तो १८३२ चा.

लोणावळा लोकल (७:२१)

कोळसा खाणीतल्या मजुरांना काय मिळालं तेही लिहा मग.

वॉटफर्डकर (७:४०)

धागा सायकलचा आहे, लोकहो.

रूट लिहितो. मी तिथे नेहमी जातो.

हेमेलहून ट्रेनने ट्रिंग. शनिवार असल्याने सायकल न्यायला हरकत नाही, कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळी घडी न होणारी सायकल चढवू देत नाहीत. ट्रिंग स्टेशन गावापासून लांब आहे, पण आपल्याला गावात जायचंच नाही. उलट्या दिशेला मैलभरावर ऑल्डबरी. तिथे तळं आहे आणि त्याच्या काठी गुन्हेगारांचे पाय अडकवायचा जुना लाकडी खोडा. मेहुण्याचा फोटो तिथे काढा. मग वर चढ. निळा बाण बघूनच वळा, पिवळेही मध्ये मध्ये येतात. वर ब्रिजवॉटरचा खांब आणि कॅफे. तिथून क्लिपर डाउनच्या बाजूने उत्तरेला जाणारी ब्रायडलवे धरा. डावीकडे झाडांमधून खालचं सपाट खोरं दिसतं, उजवीकडे इस्टेटीचं जंगल. आयव्हिंगहो बीकनच्या रस्त्यापर्यंत जा. बीकनच्या माथ्यावर जायचं तर सायकल लावून पायी, कारण रिजवे या लांब पल्ल्याच्या वाटेचा तो शेवटचा तुकडा फुटपाथ आहे. परत त्याच वाटेने.

वाडा म्हणाल तर ॲशरिज हाउस आहे, १८०८ नंतर बांधलेलं, पण ते नॅशनल ट्रस्टचं नाही. लांबून बघा.

बिनब्रेकचा (८:०२)

वा! हेच हवं होतं. फक्त बायको आणि मुलगी पण येणार आहेत. मुलगी नऊ वर्षांची. तिला जमेल ना?

वॉटफर्डकर (८:०४)

😑

सरेकरीण (८:१५)

अहो हे आधी नको का सांगायला! नऊ वर्षांच्या मुलीला ऑक्टोबरच्या चिखलात चढ चढायला लावलात तर ती पुन्हा सायकलला हात लावणार नाही. वहिनींना आणि तिला कालव्यावर पाठवा. ट्रिंग स्टेशनजवळच ग्रँड युनियन कालवा आहे. काठाची वाट सपाट, मार्सवर्थला एकापाठोपाठ सात लॉक, म्हणजे पाण्याची पातळी बदलणारी दारं. बोटी वर-खाली होताना मुलं तासभर हलत नाहीत.

खडूमाती (८:२८)

+१. तिथेही चालणाऱ्यांना आधी वाट द्यायची आणि पुलाखालच्या वळणावर घंटी वाजवायची.

आता शनिवारच्या दोन-तीन गोष्टी. घोडा दिसला की वेग कमी करून लांबूनच तोंडाने 'हॅलो' म्हणा. घोड्याला माणसाचा आवाज कळतो, मागून अचानक आलेली सायकल कळत नाही. स्वाराने या म्हटल्यावर लांबून, सावकाश पुढे जा. फाटक जसं असेल तसंच ठेवायचं, बंद असेल तर बंद. सध्या फॅलो हरणांचा माजाचा काळ आहे, नर घोगरे ओरडत असतात. फोटोसाठी जवळ जाऊ नका.

शनिवारी सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास, बीचच्या झाडीत त्याच्याही आधी अंधारतं. दिवे घ्या. जादा ट्यूब दोन.

डॉक्टरीणबाई (९:०५)

आणि घरी आल्यावर गोचीड तपासा. गुडघ्याची मागची बाजू, कंबर, मुलीचे केस. दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. तेल, काडेपेटी असले घरगुती उपाय नकोत. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं तर लगेच जीपीला (आपल्या फॅमिली डॉक्टरला) दाखवा, लाइम डिसीज असू शकतो.

गगनविहारी (९:३०)

विमानातून सायकल न्यायची असेल तर कार्डबोर्डच्या खोक्यापेक्षा कडक केस घ्या. पेडल काढा, हँडल फिरवून फ्रेमला बांधा.

वॉटफर्डकर (९:३३)

सायकल विमानातून कुणीच नेत नाहीये.

गगनविहारी (९:३४)

पुढे कुणाला उपयोग होईल म्हणून लिहिलं.

मध्यमपदलोपी (१०:१२)

पाऊस पडला तर दुसरा पर्याय: वोबर्न सँड्स. बेडफर्डच्या ड्यूकच्या इस्टेटीचं जंगल, ग्रीनसँडच्या कण्यावर, म्हणजे वाळूच. पाणी मुरतं. ॲस्प्ली वुड्समध्ये मी जायचो तेव्हा इस्टेटीचा सायकल परवाना विकत घ्यावा लागायचा, तेव्हा जाण्याआधी सध्याचा नियम बघून घ्या.

बिनब्रेकचा (गुरुवार, रात्री ८:४०)

मंडळी, ठरलं. ट्रिंग. बायको आणि मुलगी कालव्यावर, आम्ही दोघं वर. तीन वाजता स्टेशनवर भेटायचं. मोठा पाऊस लागला तर रविवारी वोबर्न. एक्सप्लोरर १८१ नकाशा कागदाचाच घेतला, त्यात लांब-आखूड रेषा खरंच वेगळ्या दिसतात. तरी 'पब्लिक' लिहून सायकल नाही, हे मला अजून पटलेलं नाही.

एकच अडचण. सायकल भाड्याने देणारा मेहुण्याची उंची विचारतोय आणि हा मीटिंगमध्ये, फोन उचलत नाही. पाच-आठ धरू का?

वॉटफर्डकर (८:४३)

बायकोला विचारा की. तिचाच भाऊ आहे.

बिनब्रेकचा (८:५१)

ती म्हणते पाच-सात. तो स्वतः पाच-दहा सांगतो.

खडूमाती (८:५५)

मधली फ्रेम घ्या, सीट वर-खाली होते. त्याचं वजनही सांगून ठेवा, सस्पेन्शनची हवा त्यावर ठरते.

नॉटिंगहॅमचा नाना (८:५८)

पाइन्सला या, तिथे बसवून बघता येते.