नावापुढे 'ए.सी.ई.' : साहाय्यक संकलकाने आतापासून काय तयारी ठेवावी?

सांधेजोड :
नमस्कार. मी मूळची नाशिकची असून सध्या लॉस एंजेलिसमध्ये दूरचित्रवाणी मालिकांवर साहाय्यक संकलक म्हणून काम करते. ज्यांच्या हाताखाली शिकले, त्यांतील काहींच्या नावापुढे श्रेयनामावलीत 'ए.सी.ई.' ही अक्षरे येतात. मी गिल्डची, म्हणजे संकलकांच्या कामगार संघटनेची, सभासद आहे. अमेरिकन सिनेमा एडिटर्स (ए.सी.ई.) ही संस्था वेगळी आहे, इतकेच मला ठाऊक आहे. तिथे साहाय्यकाला वाव आहे का, आतापासून कशाची तयारी ठेवावी आणि पुढेमागे भारतात परतल्यास या अक्षरांचा उपयोग होतो का, याविषयी जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

जुनी रिळे :
सांधेजोड, तुम्ही गिल्डमध्ये आधीच आहात, म्हणजे पोटापाण्याचा भाग मार्गी लागला आहे. गिल्ड ही १९३७ पासूनची कामगार संघटना असल्याने वेतनाचे करार, कामाचे तास, आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतन हे सारे तिच्याकडे. ए.सी.ई. १९५० मध्ये स्थापन झाली ती मानद संस्था म्हणून, छायालेखकांची ए.एस.सी. (अमेरिकन सोसायटी ऑफ सिनेमॅटोग्राफर्स) त्याआधी १९१९ पासून अशाच धर्तीवर चालत होती. ए.सी.ई. कोणाच्या पगारासाठी भांडत नाही आणि तिचे सभासद नसल्यामुळे कोणाचे काम अडत नाही.

सक्रिय सभासदत्वासाठी चित्रपट किंवा मालिकांवर स्वतः संकलक म्हणून काही वर्षांचे काम लागते, विद्यमान सभासदांनी तुमची शिफारस करावी लागते आणि त्यानंतर मुलाखत व संस्थेची मंजुरी असे टप्पे असतात. साहाय्यक म्हणून केलेली वर्षे कितीही खडतर असली तरी ती संकलकाच्या अनुभवात धरली जातील, असे गृहीत धरू नका. म्हणून माझा सल्ला असा, की ए.सी.ई.चा विचार तूर्त बाजूला ठेवून संकलक म्हणून पहिले श्रेय कसे मिळेल ते पाहा. मालिकेत ती संधी बहुधा तुमच्या संकलकाच्या शब्दावरच मिळते, आणि उद्या शिफारसपत्रावर सही करणारी माणसेही हीच असतात.

संस्थेची एक जुनी शैक्षणिक चित्रफीत मिळाल्यास अवश्य पाहा. 'गनस्मोक' मालिकेतील एकाच प्रसंगाचे रशेस, म्हणजे न कापलेले मूळ चित्रीकरण, वेगवेगळ्या संकलकांना दिले होते. शॉट तेच, संवाद तेच. पण कोणी बोलणाऱ्यावर थांबतो, कोणी ऐकणाऱ्यावर, आणि प्रसंगाचा तोलच बदलतो. सभासद निवडताना आपसांत जे जोखले जाते ते हेच असावे, असे मला वाटते.

थेम्सकाठचा :
इंग्लंडमध्ये १९६६ पासून ब्रिटिश चित्रपट व दूरचित्रवाणी संकलकांचे गिल्ड आहे. नावात गिल्ड असले तरी ती कामगार संघटना नव्हे. ऑस्ट्रेलियन स्क्रीन एडिटर्सची पद्धत मला अधिक मोकळी वाटते : सभासद होणे तुलनेने सोपे, पण नावापुढे अक्षरे लावण्याचा मान काम पाहून स्वतंत्रपणे दिला जातो. कॅनडाची संस्था २००८ ची, म्हणजे बरीच तरुण.

अंधेरी पूर्व :
भारतात परतण्याविषयी स्पष्टच लिहितो. मुंबईत विचारले जाते ते कार्ड, म्हणजे संघटनेचे सभासदत्व. या संघटना फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉइजशी संलग्न असतात. छायालेखकांमध्ये 'आय.एस.सी.' (इंडियन सोसायटी ऑफ सिनेमॅटोग्राफर्स) लावण्याची रीत आहे, संकलकांत तसा प्रघात फारसा दिसत नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून आलेल्या रेणू सलुजा यांना संकलनाचे चार राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, आणि त्यांच्या नावापुढे कसलीही अक्षरे लागली नव्हती. निर्माता तुम्ही काय कापले आहे, म्हणजे कशाचे संकलन केले आहे, ते विचारतो. 'ए.सी.ई.' पाहून पहिली भेट कदाचित लवकर मिळेल. मानधन त्यावर ठरणार नाही.

सांधेजोड :
सर्वांचे आभार. आणखी एक शंका आहे. एका भागातील दोन प्रसंग मी स्वतः कापले आणि ते जवळजवळ तसेच प्रसारित झाले, मात्र श्रेय साहाय्यकाचेच मिळाले. हे काम पुढे कुठे दाखवता येईल का?

जुनी रिळे :
अर्जात श्रेय म्हणून दाखवू नका. पडद्यावर जे नाव ज्या पदासह आले, तेच लिहावे. मात्र त्या संकलकाला ते प्रसंग ठाऊक आहेत, तेव्हा पुढच्या हंगामाचे करार होण्यापूर्वी त्याच्याकडे संयुक्त श्रेयाचा विषय काढा. एव्हाना ज्याचा भरवसा बसला आहे असा संकलक निर्मात्यांकडे शब्द टाकायला सहसा कचरत नाही. प्रत्येक कामाची सुरुवात व शेवटची तारीख, भागांचे क्रमांक आणि संकलकाचे नाव यांची नोंदवही आजपासून ठेवा, कारण मालिका संपून कार्यालय बंद झाले की हे तपशील मिळवताना नाकी नऊ येतात. शिवाय संस्थेचा 'एडिटफेस्ट' हा उपक्रम सभासद नसलेल्यांनाही खुला असतो. तिथे जात राहा.

अंधेरी पूर्व :
नोंदवहीला अनुमोदन. कार्डाच्या वेळीही तीच कामी येते.