लिप ब्लश करून सहा दिवस झाले, रंगच गेला. मदत हवी आहे

ताईंनो, मी लातूरची. मागच्या आठवड्यात छत्रपती संभाजीनगरला जाऊन ओठांना लिप ब्लश, म्हणजे सुईनं ओठांत टिकाऊ रंग भरतात ते, करून घेतलं. पहिल्या दिवशी ओठ सुजले आणि रंग इतका भडक, की आई घाबरलीच. सूज दोन दिवसांत उतरली. चौथ्या दिवसापासून पापुद्रे निघतायत आणि खालून ओठ अगदी फिके, मधेमधे पांढुरके दिसतात. करणाऱ्या ताई म्हणाल्या, पापुद्रे ओढू नको, रंग महिना-दीड महिन्यात वर येतो, मग टच-अप करू. तुमचाही इतका फिका झाला होता का?

खरी काळजी वेगळीच आहे. मला ताप आला की ओठाच्या कडेला पाण्याचे फोड येतात. हे मी आधी सांगितलं नाही, मला विचारलंही नाही. आता कळलं की या फोडांचा विषाणू अंगात दबून असतो, सुईच्या जखमेनं पुन्हा उठू शकतो, म्हणून अशांना आधीच गोळ्या देतात. काल रात्रीपासून डाव्या कोपऱ्यात चुणचुणतंय. त्वचेच्या डॉक्टरांकडे आजच संध्याकाळी जाणार आहे. कुणाला असे फोड आले होते का? त्या जागेचा रंग नंतर टिकला का?

ठेचा बंद, वरण-भातावर आहे. पण स्कूटीवर उन्हासाठी स्कार्फ बांधावा तर तो ओठांना घासतो. तुम्ही काय करत होता? वीस दिवसांनी अंबाजोगाईला बहिणीचं लग्न आहे, तोवर लिपस्टिक चालेल का?