ग्रूव्ह म्हणजे लय, ठेका, चाकोरी की आणखी काही?

मूळ प्रश्न

रॉक ड्रमिंगवरच्या एका लेखाचं मराठी करतोय आणि दोन दिवस एकाच वाक्यावर अडलोय. आशय असा: या ड्रमरचे हात अफाट चालतात, एकही ठोका घड्याळाच्या पुढेमागे पडत नाही, पण त्याच्याकडे ग्रूव्ह नाही, म्हणजे ऐकणाऱ्याला डुलवणारं ते काहीतरी.

'ग्रूव्ह'साठी आधी 'लय' लिहिलं आणि वाचून मलाच हसू आलं. एकही ठोका पुढेमागे नाही आणि लय नाही, हे कसं काय? मग 'ताल' लिहून पाहिलं, तर बिचारा थेट बेतालच झाला. 'ठेका' त्यातल्या त्यात बरा वाटतोय. 'ग्रूव्ह' तसाच ठेवा हा सल्ला मलाही सुचलाय, तो अगदी शेवटी.

अवांतर: तसाच ठेवायचा झाला तर तो ग्रूव्ह की ती ग्रूव्ह?

प्रतिसाद

तो. ठेका तो म्हणून ग्रूव्हही तो, असं असावं. तालमीत 'ग्रूव्ह बसला', 'ग्रूव्ह सुटला' असंच ऐकलंय. 'ती ग्रूव्ह' म्हणणारं कुणी अजून भेटलं नाही.

प्रतिसाद

कृपया ठेक्याला हात लावू नका. तबल्यात ठेका म्हणजे तालाचे ठरलेले बोल. तीनतालाचा ठेका १६ मात्रांचा, तो उस्तादाने वाजवला तरी ठेका आणि शिकाऊ पोराने वाजवला तरी ठेकाच. म्हणजे तुमच्या वाक्यातल्या माणसाकडे ठेका आहे, नाही ते दुसरंच काही. लयीचंही तसंच. विलंबित, मध्य, द्रुत म्हणतो तेव्हा आपण गतीबद्दल बोलत असतो.

वाक्याच्या पहिल्या अर्ध्यासाठी मात्र आयता शब्द आहे. ड्रमर मंडळी ज्याला 'चॉप्स' म्हणतात, ती आपली 'तयारी'. हात तयार आहे, तयारीचा वादक आहे, वगैरे. आणि मैफलीतून उठताना कुणी 'तयारी आहे हो' एवढंच म्हणून गप्प बसला, की तुमचं उरलेलं वाक्य न बोलता बोललं गेलं.

प्रतिसाद

व्युत्पत्तीकडून बघू. ग्रूव्ह म्हणजे मुळात चर, खाच. तबकडीवर सुई ज्या खाचेतून फिरते तीही ग्रूव्हच. १९३० च्या दशकात जॅझवाल्यांच्या बोलीत 'इन द ग्रूव्ह' रुळलं ते बहुधा तिथूनच. सुई खाचेत बसली की गाणं आपोआप पुढे सरकतं, तसं.

आता गंमत बघा. जाऊन जाऊन पडलेल्या चराला आपल्याकडे अस्सल शब्द आहे: चाकोरी. गाडीच्या चाकांनी पाडलेली. पण मराठीत चाकोरी म्हणजे कंटाळा! चाकोरीबद्ध आयुष्य, चाकोरीबाहेरचा विचार. खाच तीच, पण एका भाषेत तीत शिरलं की आनंद आणि दुसरीत तीतून सुटलं की. त्यामुळे 'या ड्रमरला चाकोरी नाही' लिहिलंत तर वाचक त्याचं कौतुक समजेल. 'खोबण' बघा हवं तर. 'खोबणीत बसलं' यात ती नेमकी बसण्याची भावना आहे. पण मला वाटतं खोबण ही 'पॉकेट'ला जास्त जवळची, म्हणजे ड्रम आणि बेस गिटार एकमेकांत अडकून बसतात ती.

प्रतिसाद

मी ड्रम वाजवते, आणि मला तुमच्या 'ग्रूव्ह'पेक्षा 'घड्याळाच्या पुढेमागे पडत नाही' हे जास्त खुपलं. तुम्ही तिथे 'अचूक' लिहिणार असाल तर थांबा. अचूक म्हणजे चूक नसलेलं. मग ग्रूव्हवाला चुकतो असा अर्थ निघतो, आणि तंत्र विरुद्ध ग्रूव्ह हे सगळं भांडण तिथूनच सुरू होतं.

आकड्यांत बघू. मिनिटाला १०० ठोक्यांची गती धरा. एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची, अर्धी ३०० ची. या अर्ध्या मात्रेत हाय-हॅटचे (पायाने उघडमीट होणाऱ्या झांजांच्या जोडीचे) दोन ठोके. मधोमध पाडले तर दुसरा १५० वर येईल. रॉजर लिन यांनी १९८० च्या एलएम-१ या ड्रम मशीनमध्ये 'स्विंग' म्हणून एक सोय दिली, ती हा दुसरा ठोका मागे सरकवते. ५० टक्के म्हणजे बरोबर मध्यावर, ६६ टक्के म्हणजे जवळजवळ तिस्र, तीन समान भागांची चाल. मधला ५८ घ्या. ठोका १७४ वर जातो, म्हणजे २४ मिलिसेकंद उशिरा. केवढा उशीर? तुम्ही ड्रमपासून आठ मीटरवर उभे असाल तर आवाज पोचायलाच साधारण तेवढा वेळ लागतो. एवढ्याशाने तेच वाजवणं सैनिकी संचलनासारखं न वाटता डुलायला लागतं.

पण ही २४ मिलिसेकंदं दर वेळी जवळपास तेवढीच यावी लागतात. एकदा १०, एकदा ४० असं झालं तर त्याला ग्रूव्ह नाही, अडखळणं म्हणतात. म्हणून मी दोन शब्द वेगळे ठेवते. 'काटेकोर' म्हणजे घड्याळाच्या काट्याशी इमान. 'नेमकं' यात नेम आहे: जिथे मारायचं ठरवलं तिथेच बसलं. ग्रूव्हवाला काटेकोर नसेल, पण नेमका असतोच. उशिरा येतो तोही नेम धरून.

प्रतिसाद

हे जरा सोयीचं वाटतंय. रोलिंग स्टोन्सचं 'हाँकी टाँक विमेन' (१९६९) सुरुवातीला ज्या गतीत आहे त्यापेक्षा शेवटी चांगलंच पुढे गेलेलं आहे. त्यांचे ड्रमर चार्ली वॉट्स, त्यांनी तेही नेम धरूनच केलं का?

प्रतिसाद

(वरचीच, ड्रमवाली) नाही, ते बहुधा वाहवत गेले. पण सगळे बरोबर गेले, म्हणून बोचत नाही. वॉट्सचे हात मात्र जरूर पहा, चित्रफितींमध्ये स्वच्छ दिसतात. उजवा हात हाय-हॅटवर चालू असतो आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेला स्नेअर (समोरचा कडक आवाजाचा ड्रम) वाजवताना तो चक्क उचलला जातो. बहुतेक ड्रमर तिथे दोन्ही एकत्र वाजवतात. हाय-हॅट गप्प बसल्यामुळे स्नेअर एकटा पडतो आणि त्याला वजन येतं. तंत्राच्या परीक्षेत कदाचित याचे गुण कापतील.

उलट बाजूही सांगते. 'रश' या बँडचे ड्रमर नील पिअर्ट म्हणजे काटेकोरपणाचा शेवटचा शब्द. पण चाळिशी ओलांडल्यावर, १९९० च्या दशकाच्या मध्यावर, ते फ्रेडी ग्रुबर यांच्याकडे पुन्हा शिकायला बसले आणि काठी धरण्याची पद्धतसुद्धा बदलली. ग्रुबरांचा भर होता दोन ठोक्यांच्या मधल्या हालचालीवर, हात एका ठोक्याकडून दुसऱ्याकडे कसा जातो त्यावर. आता याला तंत्र म्हणायचं की ग्रूव्ह?

माझा स्वतःचा अनुभव एवढा मोठा नाही. आमच्या बँडचं एक गाणं ध्वनिमुद्रित केलं. मिक्स होऊन आलं तेव्हा मला वाटलं दुसऱ्याच कुणीतरी वाजवलंय. विचारलं, तर ध्वनिमुद्रण करणाऱ्याने चांगल्या हेतूने माझा प्रत्येक ठोका संगणकाच्या पडद्यावरच्या मात्रेच्या रेघेवर ओढून बसवला होता. 'साफ केलं' म्हणाला. मी शेजारी बसून मूळ लहरी बघितल्या. स्नेअरचा प्रत्येक उंचवटा रेघेच्या किंचित उजवीकडे, म्हणजे किंचित उशिरा होता, ओळीने, एखाददुसरा सोडून. ते ठोके परत होते तिथे नेले. तोही मग ऐकताना पाय हलवत होता, पण बोलला काही नाही.

प्रतिसाद

'मागे रेलून वाजवणं' हा प्रयोग कसा वाटतो? बीटच्या मागून वाजवतात त्याला. आणि पुढून वाजवणाऱ्याला 'रेटून'. 'द पोलीस' या बँडचे ड्रमर स्टुअर्ट कोपलंड रेटणाऱ्यांतले.

प्रतिसाद

रेलून झकास! 'घोस्ट नोट्स'ना आम्ही 'पुटपुटते ठोके' म्हणतो. 'टोटो' या बँडच्या 'रोझॅना'मध्ये (१९८२) ड्रमर जेफ पोर्कारो स्नेअरवर मोठ्या ठोक्यांच्या मध्ये जे सतत कुजबुजत असतात ते. ड्रमर बर्नार्ड पर्डी यांचा शफल (डुलत्या चालीचा ठेका) आणि लेड झेपेलिन बँडचे ड्रमर जॉन बॉनम यांचा शफल एकत्र करून पोर्कारोंनी ते बांधलं. ते पुटपुटणं काढलं तर गाणं चालेल, पण लंगडत.

प्रतिसाद

तबलावाल्यांचा ठेक्यावरचा हक्क मान्य, पण मराठीत ठेका फक्त वाजवत नाहीत, तो 'धरतात'सुद्धा. आणि धरणारा बहुतेक वेळा ऐकणारा असतो, पायाने, बोटांनी, मानेने. ग्रूव्ह ही वस्तू ड्रमरच्या खिशात शोधताय म्हणून नाम सापडत नाहीये. ऐकणाऱ्याच्या पायाकडे बघा, क्रियापद मिळेल.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. 'अचूक' खोडलं. सध्या वाक्य असं झालंय: 'याची तयारी अफाट, ठोके काटेकोर, पण ऐकताना ठेका धरवत नाही.' पुढच्या परिच्छेदात 'ग्रूव्ह' तीनदा येतो. तिथे तो तसाच ठेवतोय, पुल्लिंगी.

प्रतिसाद

'धरवत नाही' वाचून मला आजारी माणूस आठवला, हातात पेलाही न धरवणारा. 'धरावासा वाटत नाही' करा.

मूळ प्रश्नकर्ता

केलं होतं. वाक्य लांबलं आणि शेवटी लंगडायला लागलं. 'धरवत नाही'च ठेवतो.