अक्षरं उलटी लिहिणं म्हणजे डिस्लेक्सियाच का?

प्रश्न: दुसरीतलं मूल. गोष्ट ऐकून नीट सांगतं, पण वाचताना अडखळतं, काही अक्षरं उलटी काढतं. हा डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखन शिकण्यातली कायमची अडचण, असेल का? काय तपासावं? मोठ्यांमध्ये तो कसा ओळखायचा?

उत्तर १: उलटी अक्षरं सातेक वर्षांपर्यंत बऱ्याच मुलांची होतात, एवढ्यावरून काही ठरत नाही. डिस्लेक्सियात मूळ अडचण बहुधा शब्दातले ध्वनी सुटे करण्यात असते. तोंडी विचारा: 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरतं? मग 'टिमोळ', 'झुपेर' असे निरर्थक शब्द वाचायला द्या. पाठांतराचा आधार सुटला की अंदाजपंचे वाचन उघडं पडतं. जोडाक्षरं मोडणं, वेलांटी-उकार गळणं, शब्दागणिक थांबणं टिपून ठेवा. त्याआधी डोळे आणि कान मात्र तपासून घ्याच.

उत्तर २: डिस्लेक्सिया असलेली मोठी माणसं बरेचदा बरोबर वाचतात, पण फार हळू. तीच ओळ पुन्हा वाचतात, शुद्धलेखन डळमळतं, मोठ्यानं वाचणं टाळतात. हे लहानपणापासून असतं. वाचन अचानक बिघडलं तर तो डिस्लेक्सिया नव्हे, लगेच डॉक्टर गाठा.

उत्तर ३: डिस्लेक्सियावर उपाय म्हणून रंगीत चष्म्यांवर पैसे घालवू नका. ध्वनी आणि अक्षराची जोडी क्रमानं, रोज १५-२० मिनिटं पक्की करा. 'आळशी आहे' हे निदान नाही!