कोल्हापूरच्या रंकाळ्यात होडी सोडायची तर लिपो-ब्रशलेसचा नाद कशाला?

रंकाळाकाठ:
मत सांगतो, मग घाला शिव्या. आपल्याकडं रिमोटची होडी करायची म्हटली की पोरं आधी थ्री-एस लिपो (तीन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी) आणि तीन हजार केव्हीची (म्हणजे एका व्होल्टमागं मिनिटाला तीन हजार फेरे) ब्रशलेस, बिनब्रशची मोटर मागवतात, होडीचा तळ कसा आहे ते मागनं बघतात. माझी तीन फुटी टग आहे, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीची नक्कल. जुन्या मशीनमधली १२ व्होल्टची ब्रशवाली मोटर, बिनभारात मिनिटाला साडेपाच हजार फेरे, थेट शाफ्टला जोडलेली. ५० मिमीचा प्रॉप (पाण्यातला पंखा). बॅटरी यूपीएसची, १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवर. पूर्ण थ्रॉटलला साडेतीन अँपिअर ओढते, सव्वा तास चालते. बॅटरीचं दोन-सव्वादोन किलो वजन तळाला बसतं, त्यामुळं वेगळं शिसं भरावं लागत नाही.

आणि जास्त ताकद लावून मिळणार काय? पाणी कापत जाणाऱ्या होडीला वेगाची मर्यादा असते. पाणरेषेची लांबी फुटात घ्या, वर्गमूळ काढा, १.३४ नं गुणा, उत्तर नॉटमध्ये येतं. तीन फुटाला २.३ नॉट, म्हणजे ताशी सव्वाचार किलोमीटर. पदपथावर फिरायला आलेल्या आजोबांचा वेग. त्यावर दुप्पट वॉट ओतले तरी फक्त लाट मोठी होते.

टेस्लानं १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिनतारी होडी चालवून दाखवली, ती लिपोवर नव्हे.

जगात_भारी:
काका, १८९८ साली लिपो मिळत नव्हती म्हणून! 😀

तांबडा_पांढरा:
टगपुरतं काकांचं सगळं मान्य. पण सगळ्यांनी टगच का करायची? माझी २६ इंची, तळ खोल व्ही आकाराचा. ती पाणी कापत नाही, पाण्यावर चढून पळते, तिथं तुमचं वर्गमूळ लागू होत नाही. बॅटरीसकट वजन दीड किलो. तुमची नुसती बॅटरीच त्याहून जड! ती घातली तर होडी म्हशीसारखी पाण्यात बसंल.

हिशोब बघा. थ्री-एस म्हणजे ११.१ व्होल्ट, मोटर २००० केव्हीची, बिनभारात साधारण २२ हजार फेरे. एवढे फेरे ब्रशवाल्या मोटरकडनं रोज घेतले तर ब्रश झिजतात, ब्रश जिथं घासतात तो कम्युटेटर काळा पडतो. आणि ऊर्जेचं म्हणाल तर ५००० एमएएचची थ्री-एस साधारण चारशे ग्रॅममध्ये ५५ वॉट-अवर देते. तुमची कागदावर ८४, पण तो आकडा बॅटरी वीस तासात सावकाश उतरवली तरचा. साडेतीन अँपिअरनं ओढली की सातातले साडेचार-पाचच हाती लागतात.

रंकाळाकाठ:
लागू देत की, मला पुरतात. माझ्या नातवानं लिपो पूर्ण चार्ज करून ठेवली आणि गणपतीच्या गडबडीत विसरला. महिन्यानं पिशवी उघडली तर उशीसारखी फुगलेली. माझी बॅटरी कपाटाखाली पडून असते, काही मागत नाही.

तांबडा_पांढरा:
तो दोष नातवाचा. पूर्ण सेल ४.२ व्होल्ट, ठेवताना ३.८ वर आणायचा, चालवताना ३.४ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. एवढं पाळायचं. आणि शिशाची बॅटरी उतरलेली ठेवून बघा, सल्फेट धरून तीपण मरतीच की.

जगात_भारी:
मधला रस्ता सांगू का? १८६५० सेल, ते गोल लिथियमचे. जुन्या लॅपटॉपचे फुकट मिळतात.

लेथवाला:
फुकटातले सेल जपून रे भावा. लॅपटॉपचा सेल दोन-तीन अँपिअरच्या वर ताणायचा नाही. टगला चालतील, तांबड्याच्या होडीत दोन मिनिटात तापतील.

आता दोघांनाही बोलतो. उद्यमनगरात लेथवर उभं राहून केस पांढरे झाले. तुम्ही बॅटरी आणि मोटरवर भांडताय, पण करंट ठरवतो तो प्रॉप. फेरे तेच ठेवले तर लागणारी ताकद व्यासाच्या पाचव्या घातानं वाढते. ३० चा काढून ३५ मिमीचा लावला, तर दिसायला पाच मिलिमीटर, मोटरवर भार दुपटीच्या वर. माझ्याकडं एक पोरगा दोन जळक्या ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारी सर्किटं) घेऊन आला, म्हणाला कंपनीच चोर. होडी बघितली तर प्रॉप बक्कळ मोठा. छोटा लावला, तीच मोटर, तीच बॅटरी, आणि होडी उलट जास्त पळाली, कारण आता मोटर दबत नव्हती.

दुसरी गोष्ट शाफ्ट. होडी मांडीवर घ्या, मोटर आणि शाफ्टचा जोड म्हणजे कपलिंग सोडा, शाफ्ट दोन बोटांनी फिरवा. अडकत अडकत फिरला तर मोटर पाण्याशी नाही, बुशशी (शाफ्ट ज्यात फिरतो ती पितळेची कडी) कुस्ती खेळतीय. त्या पोराच्या नळीतनं मी ग्रीस काढलं तर अंगठ्यावर काळी पेस्ट, आणि उन्हात धरली तर तिच्यात पितळेची चमक. बुश खाल्लेला. कपलिंगच्या दोन तोंडांत कागदाची पट्टी सगळीकडनं सारखी सरकली पाहिजे.

तांबडा_पांढरा:
प्रॉपचं पटलं. पण रंकाळ्यात केंदाळ (जलपर्णी) अडकलं की कुठला प्रॉप आणि कुठलं काय. गेल्या मे महिन्यात माझा प्रॉप मुळ्यांत गुंडाळला, मी येडा थ्रॉटल दाबतच राहिलो. धूर दिसला तेव्हा सोडला. अडीच हजाराची ईएससी गेली. अंधार पडेस्तोवर काठावर बसून भेळ खाल्ली, मग वारा सुटला तशी होडी आपोआप काठाला लागली.

रंकाळाकाठ:
बघा! माझी टग केंदाळात सावकाश थांबते.

लेथवाला:
थांबते आणि जळते पण. मोटर जाम झाली की ब्रशवाली सगळ्यात जास्त करंट ओढती. तुमच्या टगला १० अँपिअरचा फ्यूज घाला, गाडीत असतो तसला पट्टीचा. आहे का?

रंकाळाकाठ:
...नाही.

जगात_भारी:
😂😂 मग कळंबा तलावाला जाऊया, तिथं केंदाळ कमी.

लेथवाला:
कळंब्याचं पाणी प्यायला घेतात. तिथं शिशाची असो नाहीतर लिपो, बुडवायची नाही. होडीत फोमचा तुकडा कोंबल्याशिवाय कुणी जायचं नाही.

रंकाळाकाठ:
आत्ता कपलिंग सोडून मोटर चालवली, अर्धा अँपिअर. जोडून चालवली, पाण्याबाहेरच, दीड अँपिअर. एवढं शाफ्टच खातोय?

लेथवाला:
खातोय तर. ग्रीस भरून बघा. फरक नाही पडला तर बुश गेला. रविवारी सकाळी या.

रंकाळाकाठ:
होडी आणू की नुसता शाफ्ट?

लेथवाला:
होडीच आणा, नळीसकट बघू. ती बॅटरी तेवढी घरी ठेवा, माझा माळा वरच्या मजल्यावर आहे.