शेवटचा घाव घालणाऱ्यालाच बढती? वेस्नॉथचा हा नियम मला पटत नाही

रंकाळा_काठ

'बॅटल फॉर वेस्नॉथ' खेळणारे इथं बरेच आहेत, म्हणून विषय काढतोय. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: २००३ पासून चालत आलेला, फुकट मिळणारा, षटकोनी घरांवर टर्न घेत खेळायचा लढाईचा गेम. शिपाई कुणाशीही लढला की त्या शत्रूच्या लेव्हलइतके अनुभवाचे गुण मिळतात. लेव्हल १ च्या शत्रूशी झुंज झाली तर १ गुण. पण त्याला ठार मारलं तर लेव्हलच्या आठपट, म्हणजे ८. गुण भरले की शिपाई वरच्या हुद्द्यावर जातो आणि त्याच्या सगळ्या जखमा भरून निघतात.

काल रात्रीची गोष्ट. माझा एक भालाईत नदीच्या उतारालगतच्या, म्हणजे पाणी चालत ओलांडता येतं त्या जागेलगतच्या, गावात उभा होता. समोरून दोन ऑर्क (गेममधले राक्षसी शत्रू) आलटून पालटून येत होते. तीन टर्न त्यानं एकट्यानं गाव धरलं. गावात असल्यामुळं दर टर्नला ८ एचपी (जीव मोजायचे आकडे) परत मिळायचे, पण जायचे त्याहून जास्त. चौथ्या टर्नला पहाट झाली तेव्हा त्याचे ३६ पैकी ९ एचपी उरले होते. ऑर्कांचं बघाल तर एकाचे ४, दुसऱ्याचे ६. तेवढ्यात मागून घोडेस्वार आणि तिरंदाज पोचले, दोघांनी एकेक ऑर्क मारला, दोघांना ८-८ गुण. भालाइताला तीन टर्नांचे मिळून ६.

ज्यानं गाव राखलं तो मागं, आणि पडत्या झाडाला हात लावणारे पुढं. हा कसला न्याय?

पेठेतला_गडी

भावा, घोडेस्वार काय आपला आपण पळत आला व्हय? माऊस तुझ्याच हातात होता की. ऑर्क भालाइताच्या शेजारीच उभा होता, चार एचपीचा. एक घाव लागला असता तर ते आठ गुण त्याचेच होते. गेमनं अन्याय केला नाही, तू घोडेस्वाराला निवडलंस.

वेस्नॉथची सगळी गंमत त्या आठ गुणांत आहे. शत्रू अर्धमेला झाला की खरा विचार सुरू होतो: हा घास कुणाला द्यायचा? मोहिमेतल्या पुढच्या लढाईत लेव्हल ३ चा माणूस परत बोलवायला साधारण २० सोन्याची नाणीच पडतात. तेवढ्यात नवखा एखादाच मिळतो. म्हणून आज कुणाला मोठं करायचं हे आजच ठरवावं लागतं. तालमीत वस्ताद तेच करतात. कुठल्या पोराला कुठली जोड द्यायची, हे ते ठरवतात.

रंकाळा_काठ

मी हिशेब करूनच घोडेस्वार पुढं काढला होता. ऑर्क उतारात उभा, म्हणजे भालाइताचा घाव लागायची शक्यता ६० टक्के, घाव तीन. ऑर्कचा घाव लागायची शक्यता ४० टक्के, घाव दोन, आणि पहाटेला त्याचा घाव बरोबर ९ चा. माझ्या माणसाचे एचपीही ९. पहिला वार भालाइताचा धरूनसुद्धा शंभरात सुमारे ७८ वेळा तो जिंकला असता आणि २० वेळा मेला असता. तीन टर्न गाव धरणाऱ्या माणसाला मी पाचात एक मरणाच्या जुगारावर लावायचा, तेही फक्त गुणांसाठी?

आणि तालमीचंच म्हणशील तर, रोज पहाटे लाल मातीत मोठ्या पैलवानासंगं जोर, म्हणजे सरावाची झुंज, करून पोरगं घडतं. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात चितपट केलेली एक कुस्ती लोकांच्या लक्षात राहते, पण ताकद आलेली असते त्या जोरातून. वेस्नॉथ जोराला १ देतो आणि कुस्तीला ८.

सिव्ह_पाचवा

मग सिव्हिलायझेशन ५ हा गेम बघा. तिथं मारण्याला वेगळं बक्षीस नाही. अंगावर जाऊन हल्ला केला की ५ गुण, लांबून मारा केला की २, अंगावर आलेल्याचा हल्ला झेलला तरी ४. पहिली बढती १० वर, दुसरी ३० वर, तिसरी ६० वर. शहरात बराकी बांधल्या तर नवी तुकडी १५ गुण घेऊनच बाहेर पडते, म्हणजे पहिली बढती घरातच.

ऐकायला फार न्याय्य वाटतं. पण मी स्वतः काय करायचो सांगतो. शत्रूचं एक कमजोर शहर जाणूनबुजून घ्यायचं नाही आणि त्यावर तिरंदाजांकडून टर्नामागून टर्न बाण मारत बसायचं, थोडे-थोडे गुण गोळा करत. लुटारूंवर असं करता येऊ नये म्हणून गेमनं ३० गुणांची मर्यादा घातली आहे, पण शहरांवर ती नाही. नुसत्या झुंजीला गुण दिले की युद्ध संपवायची घाईच उरत नाही. वेस्नॉथचे आठ गुण निदान लढाई निकालात काढायला लावतात.

शिरोळकडचा_फौजी

पोरांनो, मी पायदळातला, निवृत्त. गेम मुलाच्या कॉम्प्युटरवर खेळतो. आमच्याकडं शिपायाचा नायक, नायकाचा हवालदार होतो तो किती मारले यावर नाही. सेवा बघतात, कॅडर म्हणजे बढतीचा कोर्स पास व्हावं लागतं, मॅप रीडिंग यावं लागतं, आणि जागा रिकामी असावी लागते. पण तो माणसाचा हुद्दा झाला. पलटणीचा अनुभव ही निराळी चीज आहे, आणि तुमचा वाद त्या दोन्हींची सरमिसळ करतोय.

पलटणीचा अनुभव गेममध्ये मला नीट दिसला तो १९९४ च्या पॅन्झर जनरलमध्ये. तुकडीची माणसं पडली की दोन वाटा. साधी भरती घेतली तर संख्या भरते, पण तुकडीचा अनुभव पातळ होतो. कसलेली माणसं घेतली तर अनुभव टिकतो, पण किंमत जास्त. बेळगावच्या ट्रेनिंग सेंटरमधून कसम परेड करून आलेली नवी पोरं जुन्या हवालदाराच्या हाताखाली कशी तयार होतात, हे मी डोळ्यानं बघितलंय. एकदम खूप आली तर त्या हवालदाराचे हात पुरत नाहीत. वेस्नॉथमध्ये पडलेल्यांच्या जागी अशी भरतीच नाही, गावात निजलं की माणूस पुन्हा धडधाकट. त्यापुढं आठ गुणांचा वाद मला लहान वाटतो.

पेठेतला_गडी

काका, तुमचं पटतंय, पण वेस्नॉथमधला एक भालाईत म्हणजे एकच माणूस. त्याला नाव असतं. मेला की कायमचा गेला. म्हणून तिथं गुण माणसाच्या नावावर हवेत, पलटणीच्या नाही.

रंकाळा_काठ

नाव असतं म्हणूनच मला जास्त लागतं. पांढरा जादूगार घ्या. शेजारच्या प्रत्येकाला दर टर्नला ८ एचपी देतो, त्याचे गुण शून्य. लेफ्टनंट नुसता बाजूला उभा राहिला तरी एक लेव्हल खालची माणसं २५ टक्के जास्त जोरात मारतात, त्यालाही शून्य. या दोघांना वर चढवायचं तर शत्रू अर्धमेला करून त्यांच्या पुढ्यात ठेवावा लागतो. जखमा बांधणाऱ्याला बढतीसाठी माणूस मारावा लागतो, हे मला खरंच बघवत नाही.

सिव्हवाल्यांचा शहराचा मुद्दा मान्य. म्हणून नुसत्या झुंजीचे गुण वाढवा असं मी म्हणत नाही. आठ गुण आठच राहू देत, फक्त वाटून द्या: चार मारणाऱ्याला, चार त्या शत्रूला आधी जखमी करणाऱ्यांत. शत्रू मेला तरच वाटप, म्हणजे बसून गुण गोळा करता येणार नाहीत. वेस्नॉथमध्ये असा बदल लिहून जोडता येतो. मी सुरुवात केली आहे.

पेठेतला_गडी

चार-चारनं तुझ्याकडं दहा माणसं अर्धी शिकलेली राहतील आणि लेव्हल ३ चा एकही नसेल, लिहून ठेव. शेवटच्या लढाईत तेच नडणार. पण लिही, मी खेळतो. एकच मोहीम दोघं खेळू, तू तुझ्या नियमानं, मी जुन्या. पाचव्या लढाईनंतर दोघांची यादी इथं टाकू. आणि जादूगाराचं काय केलंस ते आधी सांग, त्याला या वाटपात अजून शून्यच दिसतंय.