साठीनंतर वजन उतरवायचं की ताकद जपायची?

निवांत_सकाळ
माझ्या आईचं वय ६८. सात महिन्यांत तिने ९ किलो वजन कमी केलं. सकाळी फळं, रात्री नुसतं सूप. भेटेल तो कौतुक करायचा, मीसुद्धा केलं. मग एक दिवस लक्षात आलं की हाताचा आधार घेतल्याशिवाय तिला खुर्चीतून उठता येत नाही.

उतारवयात स्नायू तसेही झिजत असतात. त्यात उपाशी राहून वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही जातात. पुढे वजन परत वाढतं, पण येते ती बहुतेक चरबीच. गेलेला स्नायू सहजासहजी भरून येत नाही. साठीनंतर काट्यावरचा आकडा हे ध्येय असूच नये, असं माझं ठाम मत झालंय. जिना चढता येतो का, जमिनीवरून उठता येतं का, हे बघा.

पायवाट
पूर्ण असहमत. मी ७१ वर्षांचा, मधुमेही. दोन्ही गुडघे गेले होते. ८ किलो उतरवले आणि आज काठी न घेता फिरतो. गुडघ्याचा त्रास असलेल्या स्थूल माणसांत वजन १ किलोने घटलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने कमी होतो. हे आकड्यावरच कळतं ना? ‘वजनाकडे बघू नका’ म्हटलं की आमच्या वयाच्या लोकांना आयतं निमित्त मिळतं. तुमच्या आईंची पद्धत चुकली, ध्येय नव्हे.

सांजवात
मला दोघांचंही पटत नाही. माझे सासरे ८३ वर्षांचे आहेत. भूक मेलेली, कवळी टोचते, एकट्याने जेवायला नको वाटतं. अशा माणसाच्या ताटातून मुलं तूप, साखर, मीठ सगळंच काढून घेतात. मग ते जेवतच नाहीत. आणि प्रयत्न न करता वजन उतरू लागलं तर आनंद कसला मानता? सहा महिने ते वर्षभरात ५ टक्के घटलं तरी डॉक्टरांना दाखवायला हवं.

निवांत_सकाळ
पायवाटकाका, तुमचा मुद्दा अर्धा मान्य. २०१७ साली ६५च्या पुढच्या १६० स्थूल व्यक्तींवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वजन उतरवताना ज्यांनी फक्त चालण्यासारखे व्यायाम केले, त्यांचं चरबी सोडून बाकीचं वजन ५ टक्के घटलं. वजनं उचलणाऱ्यांचं २ टक्के. दोन्ही व्यायाम करणाऱ्यांचं ३ टक्के घटलं, पण हालचालींत सगळ्यात जास्त सुधारणा त्यांच्यात दिसली. म्हणून माझं म्हणणं, उतरवा, पण आठवड्यातून दोनदा तरी ताकदीचे व्यायाम हवेतच. आणि प्रत्येक जेवणात डाळ, दूध, अंडी, मासे यांपैकी काहीतरी. उतारवयात दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं असावीत, असं बरेच तज्ज्ञ सांगतात.

पायवाट
व्यायामाचं मान्य, मीही ताकदीसाठी रबरी पट्टे ओढतो. पण प्रथिनांचं असं सरसकट लिहू नका. माझ्यासारख्या कित्येक मधुमेह्यांची मूत्रपिंडं आधीच कमकुवत असतात, त्यांना हा आकडा जास्त होऊ शकतो. आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासा, मूत्रपिंडं कशी चालतात ते त्यावरून कळतं. आणखी एक, खाणं कमी केलं आणि इन्सुलिन तेवढंच ठेवलं तर साखर एकदम खाली जाते. मी एकदा पहाटे घामाने भिजून उठलोय, हात थरथरत होते. डोस आधी बदलून घ्या, मगच ताट लहान करा.

निवांत_सकाळ
हे मला लिहायला हवं होतं, राहून गेलं. आईची क्रिएटिनिनची तपासणी या आठवड्यातच करून घेते.

सांजवात
आणि त्यांना एकटीला जेवायला बसवू नका.